जुन्या जर्सीचा रंग

काखेतली शिवण दोन बोटं उसवली होती आणि तिच्या आत कापड अजून पिवळं होतं. मंडळाचं ते जुनं बनियन बाकी कळकट पांढरं पडलं होतं. जिथं ऊन पोचलं नव्हतं तिथं मात्र चाळीस वर्षांपूर्वीची हळद शाबूत होती. संध्यानं शिवण खिडकीच्या उजेडात फाकवून पाहिली, मिटली आणि बनियन घडी करून पिशवीत ठेवलं. त्याच पिशवीत जिल्हा स्पर्धेचा अर्ज होता. खेळाडूंच्या नावांसाठी अठरा ओळी, त्यातल्या सात भरलेल्या.

सातापेक्षा कमी खेळाडू असले तर सामना सुरूच होत नाही. कुरुंद्याच्या नवतरुण फुटबॉल मंडळाची सचिव म्हणून हा नियम तिला पाठ होता. मंडळ तिच्या वडिलांनी, रामजीदादांनी काढलेलं. ते गेले आणि मंडळाची पेटी तिच्या घरात राहिली. गेल्या दोन वर्षांत तिनं तीनदा ठरवलं होतं, की आता मंडळ बंद करू या असं सांगून टाकायचं. तीनही वेळा ती दुसरंच काही बोलून घरी परतली होती.

रविवारी सकाळी शाळेच्या व्हरांड्यात बैठक भरली. मंडळाला चाळीस वर्षं झाली म्हणून जुन्यासारखी नवी जर्सी करायची होती, आणि जुनी जर्सी कोणत्या रंगाची होती यावर एकमत होईना. मोबाइलवरच्या ग्रुपात एकशे बेचाळीस माणसं होती. तीन आठवडे त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. पुण्याहून, नांदेडहून मतांचा पाऊस पडत होता. समोरच्या मैदानावर मात्र शिजवलेली हळद वाळत होती, पार गोलपोस्टच्या खांबांपर्यंत. सरावालाच कोणी येत नाही म्हटल्यावर लोकांना नको कसं म्हणायचं?

“लाल व्हती,” तातेराव म्हणाले. ते आयुष्यात कधी चेंडूला शिवले नव्हते, पण मंडळाचा एक सामना त्यांनी चुकवला नव्हता. “हिंगोलीची फायनल. लालभडक पोरं उतरली आन् समोरच्याची टरकली.”

“म्या अंगात घातली व्हती,” रूपसिंग म्हणाला. त्या फायनलला तो बचावाला होता. “पिवळी. सामना सुटल्यावर काढली, तवा पिवळीच.”

“डोक्यानं बॉल मारून मारून तू रंगच इसरला.”

“काका, पण मंडळाच्या जुन्या फोटोत तर पांढरी दिसते,” संघाचा कप्तान धम्मानंद म्हणाला.

“फोटो ब्लॅक-व्हाइटच्या जमान्याचा हाय, येड्या,” तातेराव म्हणाले. “त्यात तर तुझा आजा बी गोरा दिसते!”

व्हरांडा हसला. धम्मानंदनं हसतच मोबाइल पुढं केला. “जुनं राहू द्या. ही दुसरी पाहा. काळी, छातीवर हळदीचं पान.”

“काळी काहून? ट्रकाला बांधायची हाय का?”

संध्या नववी-दहावीला विज्ञान शिकवायची. करून दाखवल्याशिवाय सांगणं तिला जमत नसे. तिनं हळदीत भिजवून वाळवलेलं एक फडकं काढलं, ओलं केलं आणि त्याच्यावर साबण चोळला. पिवळ्याचं लाल झालं.

“आई आणि गल्लीतल्या बाया हळदीच्या पाण्यात बनियनं रंगवायच्या, तीच जर्सी,” ती म्हणाली. “फायनलच्या आदल्या दिवशी आईला वाटलं, पोरं मळकी नकोत जायला. तिनं साबण लावला. सगळी बनियनं लाल झाली. साबण नीट निघालाही नाही. आई रडायला लागली, तर दादा म्हणाले, राहू दे, तशीच घालू.” तिनं लाल फडक्यावर लिंबू पिळलं. थेंब पडले तिथं पिवळे डाग उमटले. “घामातही थोडा आंबटपणा असतो. काका, तुम्ही पाहिली ती सामना सुरू होतानाची. रूपसिंगकाकांनी काढली ती सुटल्यावरची. मग उन्हानं रंग गेला. तुमचं दोघांचं बरोबर आहे.”

आताच सांगावं, असं तिच्या मनात आलं. तिनं अर्ज बाहेर काढला.

“मंग आर्धी लाल, आर्धी पिवळी!” तातेरावांनी मांडीवर थाप मारली. “बराबर इतिहास!”

“बाह्या कोणत्या?” रूपसिंग म्हणाला.

“लाल.”

“लाल काहून? काखेत घाम येते, तिथं पिवळ्या पायजेत!”

पुन्हा तेच सुरू झालं. बाह्या, मग गळपट्टी, मग पाठीवरच्या आकड्यांचा रंग. ती जर्सी घालणार कोण, हे कोणी विचारलं नाही. संध्याच्या हातातला अर्ज सगळ्यांना दिसत होता, पण त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही.

धम्मानंद तिच्याजवळ सरकून बसला. “मॅडम, कोणती बी करा, माझी एक मोठ्या मापाची ठेवा. येत्या एक तारखेला चाकणला जाऊन राहिलो. कंपनीत लागलो.”

“अरे वा,” ती म्हणाली. “सामन्यांना येशील?”

“सहा महिने सुट्टीच न्हाई, मॅडम. पण तिथं रोज घालंन ना! लोकायला कळंल, आमचं बी मंडळ हाय.”

तो खरंच खूश होता. घरात पहिला पगार येणार होता, त्याच्यावर रागवायचं तरी कसं? संध्यानं पेन काढलं, पहिल्या ओळीतल्या त्याच्या नावावर सरळ रेघ मारली आणि उरलेली नावं एकदा मोजली. सहा. मोजायची गरज नव्हती, तरी तिनं दुसऱ्यांदा मोजली.

“पोरी, तू सचिव हायेस,” तातेराव म्हणाले. “तुझ्या शब्दाला मान हाय. सांगून टाक, बाह्या कोणत्या?”

सगळे तिच्याकडे पाहू लागले. संध्या उभी राहिली.

“काका, जर्सी करायचीच नाही,” ती म्हणाली. “आपली सहाच पोरं उरलीत. यंदा संघ उतरत नाही, आणि पुढंही उतरणार नाही. मंडळ आजपासून बंद.”