जुन्या बोर्डाची चाचणी

“दिवा हिरवा व्हता की. मी सोता बघितला,” अंबुबाई म्हणाल्या.

सोमशेखर अंगणातल्या बाजेवर बसला होता. केळीच्या बागेपलीकडे उजनी धरणाचं पाणी चमकत होतं. दीड महिन्यापूर्वी अंबुबाईंचे मालक शहाजी मोटारीच्या जाळीत अडकलेलं शेवाळ काढायला त्या पाण्यात उतरले होते. केबल सोलली होती, पाण्यात करंट आला होता. अशा वेळी काठावरच्या पेटीनं तो ओळखून मोटार बंद करायची असते. पेटीनं केली नाही. शहाजी गेले.

त्या पेटीतला एक छोटा प्रोग्रॅम सोमशेखरनं लिहिला होता. सोलापूरच्या एका कंपनीत तो अकरा वर्षं हेच काम करत होता. पेटी चालू झाली की करंटची गळती मोजणाऱ्या सेन्सरला जोडून घेणारा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे पेटीच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, चढवायचा आणि तो चढला की सगळं ठीक असल्याचा हिरवा दिवा लावायचा, एवढंच त्या प्रोग्रॅमचं काम.

उन्हाळ्याआधी त्यानं तो नव्यानं लिहिला. त्याच्या लॅपटॉपवर आणि नव्या बोर्डावर छान चालला. टेस्टिंग बघणारी धनलक्ष्मी तेव्हा म्हणाली होती, “सर, जुन्या बोर्डाच्या दोनशे पेट्या अजून धरणाकाठी आहेत. त्यांचा प्रोसेसर वेगळा, कर्नल वेगळा. त्याच्यावर पण एकदा बघू की.”

“कोड तोच आहे की गं. पुढच्या खेपेला बघू.”

शहाजींच्या पेटीतल्या जुन्या बोर्डावर ड्रायव्हर चढलाच नाही. कर्नलनं तसं स्पष्ट कळवलंही. पण त्याचं उत्तर तपासायच्या दोन ओळी सोमशेखरनं ‘नंतर घालू’ म्हणून सोडल्या होत्या. प्रोग्रॅमनं ते उत्तर कुठल्याशा फाइलीत टाकलं आणि दिवा लावला.

अपघातानंतर आठवडाभरात त्यानं बाकीच्या पेट्या गुपचूप दुरुस्त केल्या. कंपनीच्या अहवालात ‘केबल जुनी असल्यामुळे’ इतकंच कारण आलं. तो काही बोलला नाही.

आज मात्र हे सगळं त्यानं अंबुबाईंना सांगितलं. शब्द सोपे करत, अडखळत.

अंबुबाई म्हणाल्या, “म्हंजी पेटीला ठावं व्हतं?”

“हो.”

“तिनं सांगितलं व्हतं?”

“सांगितलं होतं. मी पुढं पोचू दिलं नाही.”

“आन् ती पोरगी, एकदा बघू म्हणली ती?”

“तिचंही मी ऐकलं नाही.”

अंबुबाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं. “उतरायच्या आदी त्ये मला म्हणले, दिवा बघ गं. मी म्हणले, हिरवा हाय, जावा बिनघोर. लेक प्रियंका म्हंती, आई, तू नीट बघितलंच न्हाईस. तवापास्नं धड बोलत न्हाय माज्याशी. मलाबी तसंच वाटाया लागलं व्हतं. लाल आसंल, मलाच दिसला नसंल.”

सोमशेखरला हे माहीत नव्हतं. त्याला त्यांच्याकडं बघवेना.

“लिवून द्या,” त्या म्हणाल्या. “मराटीत. लेकीला वाचू द्या.”

त्यांनी वही आणून दिली. त्यानं लिहायला घेतलं. ‘एरर’ या शब्दाशी पेन अडलं. तो खोडून त्यानं ‘चूक’ लिहिलं, आणि त्याच्या आधी ‘माझी’. अहवालात खरं कारण नाही, हेही लिहिलं. शेवटी लिहिलं, ‘अंबुबाईंनी दिवा बरोबर बघितला होता.’

प्रियंका टेंभुर्णीच्या कॉलेजातून आली, तेव्हा तो जायला उठला होता. आईनं वही पुढं केली. तिनं उंबऱ्याशी उभं राहून वाचलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. सोमशेखरकडं तिनं बघितलं नाही.

वही बाजेवर ठेवून ती आत गेली, तुरी निवडायला सूप घेऊन बाहेर आली आणि आईला अगदी चिकटून बसली. दोघी खडे वेचू लागल्या. सोमशेखरला कुणी जा म्हटलं नाही, बसाही म्हटलं नाही.