वरच्या भागात प्रमाण कमी

आरोग्य खात्याच्या कचेरीत तिला सगळे आकडेबाई म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण तिला ते ठाऊक होतं आणि त्याचा रागही नव्हता. काम होतंच तसं. माणूस गेला की डॉक्टर दाखला लिहितात, त्यावर मरणाचं कारण लिहितात, आणि ते कारण वाचून त्याला ठरलेला क्रमांक द्यायचा. हृदयविकाराला एक, क्षयाला दुसरा, पाण्यात बुडाला तर तिसरा. बावीस वर्षं ती खिडकीजवळच्या टेबलाशी बसून हेच करत होती. डॉक्टरांचं अक्षर म्हणजे सगळ्या खात्याच्या चेष्टेचा विषय, पण तिला ते छापल्यासारखं वाचता येई. शिपाई म्हणायचा, "बाई, शाईत पडलेली मुंगी कागदावरून चालत गेली तरी तुम्ही तिला क्रमांक द्याल."

वर्षाअखेरीला त्या क्रमांकांचे तक्ते होत आणि तक्त्यांचे नकाशे. मुलखाचे पाच विभाग, आणि दर लाख माणसांमागे ज्या आजाराने जितकी माणसं गेली तितका रंग गडद. स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा नकाशा तिने स्वतः पहिल्यापासून उभा केला होता. शहर आणि त्याच्या खालचा सपाट भाग वीस वर्षांत चारावरून सातावर चढला होता. तिथे विटकरी रंग. डोंगराकडचा वरचा भाग मात्र एकाच्या आसपास जो बसला होता तो हलायला तयार नव्हता. तिथे फिकट पिवळा. लोकांची वयं जमेस धरून तिने हिशेब तीन वेळा तपासला होता. आकडा तोच येत होता.

सहा वर्षांपूर्वी तिने अहवालात एक वाक्य लिहिलं: वरच्या भागात प्रमाण कमी आढळते, स्वच्छ हवा व अंगमेहनत ही त्याची कारणे असू शकतात. साहेबांना ते फार आवडलं. त्यांनी ते ठळक अक्षरात छापायला सांगितलं, आणि पुढे शहरातल्या मोठ्या दवाखान्याला स्कॅनचं दुसरं मशीन द्यायचं की वरच्या भागाला पहिलं, असा प्रश्न निघाला तेव्हा तोच नकाशा घेऊन ते बैठकीला गेले. परत आले ते खुशीत.

"बाई, पाच मिनिटांत निकाल लागला. जिथे रोग, तिथे मशीन. तुमच्या नकाशाने सगळ्यांची तोंडं बंद केली."

त्या दिवशी तिला बरं वाटलं होतं. इतक्या वर्षांत आपल्या कामाने काहीतरी जागचं हललं, असं पहिल्यांदाच झालं होतं.

तिचा थोरला भाऊ वरच्या भागातच राहायचा. तिचं माहेरच ते. दादा सुतार होता. दारं, खिडक्या, शाळेची बाकं. आवाज रंध्यासारखा खरखरीत आणि जीभ त्याहून धारदार. अहवाल छापून आला तेव्हा तिने ते वाक्य त्याला फोनवर वाचून दाखवलं होतं.

"म्हणजे मी मरणारच नाही म्हण की," तो म्हणाला. "सरकारी कागदावर आलंय."

त्याची पाठ दुखायला लागली ती गेल्या वर्षी. सुताराची पाठ दुखणारच, त्यात काय. मग पोटाच्या वरच्या बाजूला दुखू लागलं, जेवलं की जास्त. वहिनीचा फोन आला. "वन्सं, ह्यांच्या विजारी खाली घसरायला लागल्यात. पट्ट्याला दोन नवी भोकं पाडली. आणि आता साखर निघालीय. घरात कुणाला नव्हती हो कधी."

"वय झालं वहिनी," ती म्हणाली. "साखरेने माणूस वाळतो. गोळ्या वेळेवर द्या."

हे ती म्हणाली. पाठीत जाणारं दुखणं, उतरणारं वजन, अचानक निघालेली साखर. शहरातल्या डॉक्टरांनी दाखल्यांना जोडलेले कागद तिने शेकड्यांनी वाचले होते, आणि त्यांत हेच, ह्याच क्रमाने लिहिलेलं असे. शहरातल्या कुणी शेजारणीने सांगितलं असतं तर ती ताडकन उठली असती. पण दादा वर राहत होता, आणि वर हा आजार नव्हता. तिनेच तसं लिहिलं होतं.

चार महिन्यांनी त्याचे डोळे पिवळे झाले. अंगाला खाज सुटली, ती रंध्याच्या पात्याने खाजवावी अशी. तेव्हा मात्र तिला कळलं. "असाल तसे निघा," तिने फोनवर ओरडून सांगितलं.

नऊ तासांचा प्रवास करून दादा आला. बसमधून उतरला तेव्हा तिने त्याला ओळखलंच नाही. वहिनी दिसली, तिच्या खांद्याला धरून कुणीतरी म्हातारा उतरताना दिसला, आणि तो म्हातारा म्हणाला, "अशी काय बघतेस ठमे? पैसे देऊन बारीक होतात लोक. मी फुकटात झालो."

स्कॅन त्या दुसऱ्या मशीनवरच झालं. मोठी पांढरी खोली, थंडगार. दादा आत असताना ती बाहेरच्या बाकावर बसून समोरच्या दाराकडे बघत राहिली. हे मशीन वर असतं तर तो आठ महिन्यांपूर्वीच त्यात गेला असता. हा हिशेब करायला कागद लागत नव्हता.

डॉक्टरीण तरुण होती, बोलायला सरळ. गाठ स्वादुपिंडाच्या डोक्याशी आहे, शेजारच्या मोठ्या रक्तवाहिनीला वेढून बसली आहे, यकृतातही उतरली आहे. कापून काढण्यापलीकडे गेलं. पित्ताची वाट मोकळी करून देऊ, म्हणजे खाज थांबेल. तीन महिने, फार तर चार.

"लवकर आला असता तर?" तिने विचारलं.

"या आजारात लवकर आलेलेही फार वाचत नाहीत," डॉक्टरीण म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "पण काही वाचतात. वरून येणारे मात्र सगळे असेच येतात, पिवळे होऊन. आणि जे येतच नाहीत, त्यांचं काय होतं ते मला माहीत नाही."

"वर हा आजार कमी आहे," ती म्हणाली. सवयीने तोंडातून निघून गेलं.

डॉक्टरिणीने तिच्याकडे बघितलं आणि स्कॅनचे कागद पाकिटात भरून तिच्या हातात दिले.

दादाला सगळं सांगावं लागलं नाही. "घरी न्या मला," तो म्हणाला. वहिनीने पदर तोंडाला लावला. परत निघताना बसच्या खिडकीतून त्याने बहिणीचा हात धरला.

"तू फार वाचतेस असले कागद," तो म्हणाला. "शेवटी दुखतं का गं फार?"

बावीस वर्षांत दाखल्यावर हा रकाना तिने कधी पाहिला नव्हता. "नाही दुखत," ती म्हणाली.

खोटं होतं ते. दुखलं, फार दुखलं. वरच्या दवाखान्यात तेवढं जोरकस औषध नव्हतं. ती रजा काढून गेली तेव्हा शेवटचे अकरा दिवस राहिले होते. दादा गुडघे पोटाशी घेऊन भिंतीकडे तोंड करून पडलेला असे, आणि जिभेची धार कुठल्या कुठे गेली होती. एका दुपारी वहिनी पाणी पाजत होती, ते ओठांच्या कडेने ओघळलं आणि पुसायला गेलेला तिचा हात तसाच थांबला.

दाखला गावच्या दवाखान्यातल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी लिहिला. तिने तो हातात घेतला आणि दारातच वाचला. मरणाचे कारण: कावीळ.

ती तशीच त्यांच्याकडे गेली. एका खोलीचा दवाखाना, वजनाचा काटा, एक उंच बाक, भिंतीला टेकवलेली कागदांची चळत. तिने स्कॅनचे कागद टेबलावर ठेवले. डॉक्टरांनी चष्मा चढवून सगळं सावकाश वाचलं.

"हे मला कुणी दाखवलं नाही," ते म्हणाले. "आणा इकडे, दुरुस्त करून देतो."

त्यांनी नवा दाखला लिहिला, स्वच्छ अक्षरात. सही केली. ती उठेना.

"डॉक्टर, तुम्ही कावीळ किती वेळा लिहिता?"

"माणूस पिवळा होऊन मेला की लिहितो. पोटात पाणी भरून मेला तर जलोदर. नुसता वाळत गेला तर अशक्तपणा." त्यांनी आपले दोन्ही तळवे टेबलावर पालथे ठेवले. "माझ्याकडे हे दोन हात आहेत बाई. पोटावर ठेवतो. हाताला जे लागतं ते लिहितो. ही ग्रंथी मागे, मणक्याला लागून. हाताला लागत नाही. लागली तर फार उशीर झालेला असतो."

"म्हणजे यांतले बरेच..."

"मला वाटतं खरं तसं. वर्षानुवर्षं वाटतंय. पण वाटतं ते दाखल्यावर लिहायचं नसतं, असं तुमच्याच खात्याचं पत्रक आहे." ते उठले आणि त्यांनी चळतीवरची धूळ हाताने झटकली. "आणि तुमचा तो अहवालही वाचला मी. स्वच्छ हवा. वाचून बराच वेळ हसलो."

ते चिडून बोलले असते तर तिला सोपं गेलं असतं.

कचेरीत परतल्यावर तिने वरच्या भागाचे अकरा वर्षांचे दाखले काढले. रोज काम उरकलं की एक गठ्ठा. कावीळ, जलोदर, अशक्तपणा, पोटात गाठ, पोटदुखी. वय पन्नाशीच्या पुढे, आजार काही महिन्यांचा, आणि कुठे कुठे कोपऱ्यात डॉक्टरांनी जाता जाता लिहिलेलं: नवीन साखर, पाठदुखी. असे तीनशे बारा निघाले. प्रत्येकावर क्रमांक तिच्याच हातचा होता. सगळे काही त्याच आजाराचे नसतील. पण निम्मे धरले तरी पिवळा रंग टिकत नव्हता.

तिने सहा पानांचं टिपण केलं आणि साहेबांपुढे ठेवलं. साहेब वाईट माणूस नव्हते. दादा गेल्याचं कळल्यावर तिच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले होते. त्यांनी टिपण पूर्ण वाचलं.

"बाई, तुमचं दुःख मला समजतं," ते म्हणाले.

"हे दुःख नाही साहेब, तक्ता आहे."

"तक्ता अंदाजाचा आहे. तपासणी नाही, कागद नाही. आपण जे लिहिलंय त्याला क्रमांक देतो. लिहिलं नाही त्याला कसा देणार? आणि समजा दिला. गेल्या वर्षी एक आणि यंदा एकदम सहा? वरिष्ठ विचारतील, साथ आली की काय? वीस वर्षांचा कल मोडून पडेल."

"मग तपासणी करा. मशीन द्या वर."

"मशीन द्यायचं तर आधी तिथे रोग आहे हे दाखवावं लागेल," साहेब म्हणाले, आणि आपण काय बोललो ते त्यांच्याही ध्यानात आलं असावं, कारण त्यांनी मान खाली घातली. टिपण त्यांनी ठेवून घेतलं. त्याचं पुढे काही झालं नाही.

नवा अहवाल आला. दादा त्यात होता. वरच्या भागाचा दर एक पूर्णांक एकवरून एक पूर्णांक दोन झाला होता. रंग बदलायला दोनच्या वर जावं लागतं. स्वच्छ हवेचं वाक्य तिने काढून टाकलं होतं, ते छापताना कुणीतरी मागच्या वर्षीचा मजकूर उचलल्यामुळे जसंच्या तसं परत आलं.

थंडी संपता संपता वहिनीचा फोन आला. शाळेत बाकं दुरुस्त करायला दादा जायचा, तिथल्या मुख्याध्यापिकाबाई. पाठ दुखते, जेवण जात नाही, आणि आता साखर निघालीय.

"वन्सं, मला ह्यांचंच सगळं दिसतंय हो. कुठे न्यायचं?"

या वेळी तिने क्षणाचाही उशीर केला नाही. मोठ्या दवाखान्यात स्वतः जाऊन रांगेत उभी राहिली. दोन्ही मशीनं भरलेली होती. शहरात रोगी वाढतच होते, तिच्याच तक्त्यात ते दिसत होतं. तारीख मिळाली ती सात आठवड्यांनंतरची. ती त्या तरुण डॉक्टरिणीला भेटली, हात जोडले. सात आठवड्यांचे पाच झाले. मुख्याध्यापिकाबाई चौथ्या आठवड्यात गेल्या.

दाखला महिन्याभराने तिच्या टेबलावर आला. म्हाताऱ्या डॉक्टरांचं अक्षर. कावीळ लिहिलं नव्हतं. लिहिलं होतं: स्वादुपिंडाचा कर्करोग असावा. तपासणी झालेली नाही.

पत्रक डावलून त्यांनी ते लिहिलं होतं. तिने बराच वेळ तो कागद समोर धरला. नियमाप्रमाणे 'असावा'ला कर्करोगाचा क्रमांक देता येत नव्हता. कारण अस्पष्ट, असा एक क्रमांक असतो, तो द्यायचा. तिने तो दिला नाही. कर्करोगाचाच क्रमांक लिहिला, ठसठशीत, आणि गठ्ठा पुढे पाठवला.

आठ दिवसांनी तपासणीतून तो परत आला. तिच्या क्रमांकावर लाल पेन्सिलीची रेघ, वर दुसरा क्रमांक, शेजारी साहेबांची आद्याक्षरं, आणि खाली तिच्यासाठी मोकळी सोडलेली ओळ: दुरुस्ती मान्य.

शिपाई चहा घेऊन आला, कप ठेवून गेला. सही केली नाही तर गठ्ठा अडतो, गठ्ठ्यातल्या बाकी चाळीस घरांचे कागद अडतात. साहेबांना भेटून काय बोलायचं ते सगळं बोलून झालं होतं. मुख्याध्यापिकाबाईंच्या घरी कोण कोण आहे हे तिला माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यावंसंही वाटलं नाही.

तिने सही केली आणि पुढचा दाखला ओढला.