अकराची वाटी

ठाकुर्लीच्या महिपतरावांना रोज सकाळी अकराला भूक लागायची आणि त्याच सुमाराला समोरच्या ब्लॉकमधल्या मंजुळाबाई वाटी घेऊन दारात उभ्या राहायच्या. कधी पोहे, कधी उकड, कधी उपमा. "मीठ पडलंय का बघा हो." मीठ पडलेलंच असायचं. तरी महिपतराव गंभीर चेहऱ्याने बराच वेळ चावत राहायचे, कारण निकाल दिला की बाई जायच्या. पत्नी नंदा गेल्यापासून त्यांच्याशी बोलणाऱ्या बायका दोनच. दुसरी लिफ्टमधल्या रेकॉर्डवरची, आणि ती फक्त दार बंद करायला सांगायची.

वाटी रिकामी परत पाठवायची नाही, हा नंदाचा नियम. दुसरं काही नसलं तर चिमूटभर साखर. महिपतरावांकडे दुसरं काही नसायचंच.

मग रक्तात साखर निघाली. लेकीने पुण्याहून फोन करकरून त्यांना ठाण्याला नौपाड्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंकडे धाडलं. संचिता नाव, वय लेकीहून कमी.

"काका, सकाळी काय घेता?"

"चहा आणि खारी."

"आणि अकराला कडकडून भूक लागते."

"लागते!" महिपतराव म्हणाले. पहिला नंबर आल्यासारखे.

"लागणारच. मैदा तो. साखर झटकन चढते, झटकन उतरते. मोड आलेली मटकी खा, मूग खा, सालासकट. त्यात तंतू असतात, प्रथिनं असतात, पोट सावकाश रिकामं होतं. दुपारपर्यंत खाण्याची आठवणसुद्धा येणार नाही. आणि साखर घरात ठेवूच नका."

महिपतराव आयुष्यभर सरकारी नोकरीत होते. लेखी मिळालेलं सगळं पाळायचे. साखरेचा डबा वॉचमनला दिला, मटकी भिजवली, फडक्यात बांधली, मोड आले, खाल्ली.

अकरा वाजले. पोटात शांतता. मंजुळाबाई उपमा घेऊन आल्या.

"भूक नाही हो."

"बरं नाही का?"

"बरं आहे, म्हणून तर नाही."

बाईंना हे कळलं नाही. "ठेवते, मग खा," म्हणून त्या गेल्या. उपमा महिपतरावांनी रात्री खाल्ला, वाटी घासली आणि सवयीने फळीकडे हात नेला. डब्याच्या जागी गोल डाग होता.

रिकामी वाटी कशी द्यायची? राहिली ओट्यावर. आणि दिलेली वाटी मागायला येणं मंजुळाबाईंच्या स्वभावात नव्हतं. एक वाटी अडकली असताना दुसरी आणणं म्हणजे पहिलीची आठवण करून देणं. दोन्ही दारं बंद.

पंधरवडा झाला. नवा रिपोर्ट उत्तम आला. तो दाखवायला कोणी नव्हतं म्हणून महिपतरावांनी स्वतःच दोनदा वाचला. रोज अकराला ते दाराकडे बघायचे. पोटाची काहीच तक्रार नसायची, त्यामुळे आपण दाराकडे का बघतो याला सबबही उरली नव्हती.

एके सकाळी त्यांनी मंजुळाबाईंची वाटी मटकीने भरली, चपला घातल्या, आणि कडीला हात लावून थांबले. भूक नाही असं सांगून बसलोय, आता वाटी परत दिली की देणंघेणं संपलं. मग बाई कशाला येतील?

ते स्वयंपाकघरात परतले. मांडणीवरून 'सौ. नंदा' कोरलेली वाटी काढली, मटकी तिच्यात ओतली.

मंजुळाबाईंनी दार उघडलं. "अगंबाई! मला वाटलं, उपमा बाधला."

"छे हो. भूकच लागत नाही हल्ली."

"ही काय तक्रार झाली?" त्यांनी वाटी घेतली, नाव वाचलं. "ही नंदाताईंची. माझी कुठंय?"

"घासायची राहिलीय."

पंधरा दिवस ती ओट्यावर लख्ख पडली होती. मंजुळाबाईंनी पुन्हा ते नाव बघितलं, मग महिपतरावांकडे.

"घासा सावकाश. घाई नाही." आणि चमचा आणायला वळता वळता, "मीठ घातलंय ना?"

"तुम्हीच बघा."

मंजुळाबाई दारातच उभ्या राहून चावू लागल्या. मटकी सालासकट होती, वेळ लागणार होता. महिपतराव चौकटीला टेकून उभे राहिले.