छतावरचा लाल ठिपका

माझ्या खोलीच्या छतावर एक लाल ठिपका आहे. मीच चिकटवलाय, स्टुलावर चढून. पेशंटने चांगल्या डोळ्याने त्याच्याकडे टक लावली की दुखरा डोळाही स्थिर राहतो. मग त्यावर पाण्याची छोटी वाटी बसवायची, पाण्यात सोनोग्राफीची पेनाएवढी दांडी धरायची, की बुबुळामागचं सगळं पडद्यावर दिसतं. बारा वर्षं हेच करतेय, तरी पेशंट हलला की माझं डोकं फिरतं.

आणि हा काच कापणारा हलतच होता. परवा काम करताना डोळ्यात कपची उडालेली. जखम मिटली होती, पण आत रक्त साचल्याने डॉक्टरांना काही दिसेना. कपची आत असेल तर आजच काढायला हवी, नाहीतर डोळा हातचा जाणार.

"सोबत कोण?" मी विचारलं.

"कोणी नाही, ताई."

"बरं. ठिपक्याकडे बघा. अहो, बघा म्हटलं ना! मी काय भिंतीशी बोलतेय?"

"बघतोय, ताई."

"डोंबलाचं बघताय!"

तो हळूच म्हणाला, "माझा दुसरा डोळा लहानपणीच गेलाय. कारखान्यात कुणाला माहीत नाही. कळलं तर नोकरी जाईल."

म्हणजे हा एकच डोळा, आणि मी त्याच्यावर खेकसत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"डॉक्टरांना सांगावंच लागेल," मी म्हटलं. "कारखान्याला माझ्याकडून कळायचं नाही. आता हात वर करा. आपला अंगठा कुठे आहे ते न दिसताही कळतं ना? त्याच्याकडे बघा. मी सांगेपर्यंत खाली घ्यायचा नाही."

डोळा खिळला. बुबुळामागे, खालच्या अंगाला, तिळाहून बारीक कपची सापडली. डोळ्यातलं भिंग शाबूत होतं. वाटी काढली, चित्रं छापली आणि धावतच डॉक्टरांकडे गेले. त्यांनी चार प्रश्न विचारले, ऑपरेशनची तयारी करायला सांगितलं. यात वीस मिनिटं गेली.

परत आले तर तो तसाच उताणा पडलेला. दुसऱ्या हाताने कोपराला टेकू दिलेला, आणि अंगठा वर. दंड थरथरत होता.

"अगं बाई! अहो, तपासणी कधीच संपली!"

"तुम्ही सांगितलं नव्हतं, ताई."

आमचे हे गेल्यापासून घरी माझं बोलणं ऐकायला कुणी नाही. टीव्हीशी भांडते मी, तो बिचारा उलट बोलत नाही. मी सांगेन म्हणून इतका वेळ कुणी थांबलं नव्हतं. मी त्याचा हात खाली घेतला, पण लगेच सोडवेना.

"सापडली कपची. आजच काढतील."

त्याने लांब श्वास सोडला. मग विचारलं, "नंतर पट्टी बांधतील ना? मग मला काहीच दिसणार नाही."

"दोन-तीन दिवस नाही दिसणार."

"मग कधी उठायचं, कुठे वळायचं, ते कोण सांगणार?"

"मी सांगेन की," मी म्हटलं.