कोणत्या प्रेषितांचा प्रवास

एरवी माझी टकळी थांबता थांबत नाही, आणि नेमकं खरं बोलायच्या वेळी काय झालं होतं मला कोण जाणे!

आमची संडे स्कूल शुक्रवारी भरते. कुवेतात सुट्टीच शुक्रवारी, त्याला कोण काय करणार? नगर-जालन्याकडच्या आम्हा मराठी ख्रिस्ती घरांतली पोरं खैतानला आमच्या हॉलमध्ये सतरंजीवर बसतात आणि मी शिकवते. या खेपेला पौलाचा प्रवास होता. ख्रिस्ताची वार्ता घेऊन हा माणूस अंत्युखियाहून निघाला. इफिस, करिंथ, गावोगाव मंडळ्या उभ्या केल्या, मार खाल्ला, तुरुंगात बसला, जहाज फुटलं तरी वाचला आणि पार रोमला पोचला. मी फुटक्या जहाजासकट नकाशा काढला, वर जाड अक्षरांत ‘प्रेषितांचा प्रवास’ लिहिलं आणि पोरांपुरत्या झेरॉक्स काढल्या.

वरच्या मजल्यावरच्या हफिजाची हिबा शाळेतून थेट माझ्याकडे येते. हफिजा शुवैखला एका गोदामाच्या ऑफिसात आहे, ती परतेपर्यंत पोर माझ्याजवळ. मी नसते तर हिबाला रत्नागिरीला आजोळी ठेवावी लागली असती, असं हफिजाच म्हणते. मला मूल नाही. ती पोर दुपारी बेल वाजवते ना, तेव्हा माझा दिवस सुरू होतो.

त्यानंतरच्या रविवारी तिला रंगवायला काहीतरी हवं होतं. उरलेला एक नकाशा मी पुढे सरकवला. तिला मराठी वाचता येत नाही, पण “व्हॉट हॅपन्ड टू द शिप, आंटी?” म्हणाली, आणि झालं! मी सांगत सुटले. मनात काही नव्हतं असं मी शंभरदा घोकलंय. पण सांगताना मला चढलेला जोर खोटा नव्हता. दुसऱ्याच्या लेकराला आपला धर्म शिकवणं इथे चालत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी थांबले नाही.

नकाशा तिच्या दप्तरातून वर गेला. दुसऱ्या संध्याकाळी हफिजाने मला चहाला बोलावलं, तर तो त्यांच्या फ्रिजवर चुंबकाने लावलेला!

तिचा नवरा तौफीक लहानाचा मोठा इथेच झालेला, मराठी अक्षरं त्याला जुळवावी लागतात. बोट ठेवून त्याने वाचलं, “प्रे...षि...तां...चा प्रवास. भाभी, हा शब्द मी हफिजाच्या गावी ईदच्या भाषणात ऐकलाय. आपल्या प्रेषितांचा ना?”

आमच्यात प्रेषित म्हणजे ख्रिस्ताने पाठवलेले शिष्य. त्यांच्या मराठीत प्रेषित म्हणजे पैगंबर. आणि आपली भाषाही अशी, की मान द्यायचा म्हटलं की एकाचे अनेक होतात. बरी फट सापडली मला!

“हो,” मी म्हणाले. “तुमच्याच.”

“और ये जहाज?”

“पोरांना आवडतं हो जहाज.”

हिबाने माझ्याकडे पाहिलं. मी नजर कपात घातली. बापाने तिला विचारलं, “हो ना, हिबा?” आणि ती पोर म्हणाली, “येस, बाबा.”

हफिजा ओट्याशी पाठमोरी उभी होती. तौफीक खूश होऊन मला आणखी एक नानखटाई देत राहिला, आणि मी ती खाल्ली. शरम नाही मेलीला!

दुसऱ्या दिवशी हिबा आली, रंगपेटी उघडली आणि अगदी सहज विचारलं, “आंटी, आज कोणी विचारलं तर व्हॉट डू आय से?”

पौलाची एवढी गोष्ट सांगितली, आणि पोर माझ्याकडून शिकली काय, तर हे.

हफिजा घरी आल्याचं कळताच मी हिबाला घेऊन वर गेले. दारातच सांगून टाकलं, “हफिजा, तो नकाशा आमच्या पौलाचा आहे. मी खोटं बोलले. हिबाला पाठवायचं की नाही, तू ठरव.”

ती थकलेली होती. बुरख्याची पिनसुद्धा काढली नव्हती.

“मी मराठी शाळेत शिकलेय गो,” ती म्हणाली. “आमचे प्रेषित रोमला कधी गेले होते? पहिल्याच दिवशी वाचलं मी. मीच लावला तो फ्रिजवर. तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. गोष्ट सांगितलीस, त्याचं मी यांना समजावलं असतं.”

“मग काल बोलली का नाहीस?”

“तू बोलशील म्हणून थांबले होते.” तिने हिबाला आत ओढून घेतलं. “पण माझी पोर काल पहिल्यांदा तिच्या बाबांशी खोटं बोलली, लीना. तुला वाचवायला.”

दार तिने हळूच लावलं. आतून हिबाचा आवाज आला, “मम्मा, उद्या आंटीकडे जायचं ना?”

हफिजाचं उत्तर ऐकायला मी कितीतरी वेळ तिथे उभी होते.