घंटी वाजली की यायचं असतं

मित्रांनो, मी एक जुनी, टेबलावरची घंटी आहे आणि मला सगळ्यात आधी तुम्हाला हे सांगायचं आहे की

टिंग.

पाहिलंत? वाक्य तुटलं. दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडणं हेच पुढे माझं काम झालं, आणि सवय हाडामांसात मुरते म्हणतात, मग पितळेत का नाही मुरणार? पण मी जन्माची अशी नव्हते.

एका अरुंद गल्लीतल्या कारखान्यात मी घडले. पितळेची उपडी वाटी, खाली लाकडाची बैठक, डोक्यावर एक कळ. कारागिराने मला कानाशी धरून वाजवलं, नाक मुरडलं, कड आणखी थोडी घासली, पुन्हा वाजवलं. मग बायकोला म्हणाला, "ही बहिऱ्यालाही उठवेल." माझं आयुष्यातलं पहिलं कौतुक.

तिथून मी एका सरकारी दवाखान्यात गेले. पोपडे आलेल्या भिंती, फिनेलचा वास, बाकावर दाटीवाटीने बसलेली माणसं. ज्याला सोसवेना तो खिडकीशी येऊन मला दाबायचा. आतून आवाज यायचा, "आले हो, आले." मागोमाग चपलांची फटफट. ती मावशी. दवाखान्यात काम करणाऱ्या सगळ्याच बायकांना मावशी म्हणतात, पण ही खरोखर जगाची मावशी होती. हातात भांडं असो की तोंडात घास, घंटी वाजली की ती यायची, आणि आल्या आल्या विचारायची, "काय होतंय तुम्हाला?" डॉक्टर तिची चेष्टा करत. म्हणत, मावशींना वरून बोलावणं आलं तरी त्या आधी खिडकीशी जाऊन येतील. ती म्हणायची, "वरच्यांना थांबायला वेळ असतो. खिडकीशी असतो त्याला नसतो."

जाताना रोज मला फडक्याने पुसायची. हिला पुसलं की मग घरी जाऊन पोराला जेवायला घालायचं, असं स्वतःशीच पुटपुटायची.

पुढे दवाखाना नव्या इमारतीत गेला. तिथे विजेच्या घंट्या होत्या. मी सरकारी भांडारात मोडक्या पंख्यांच्या ढिगात पडून राहिले. अंगावर हिरवा गंज चढला. आपल्याला आता कोणी विचारत नाही म्हणून मी झुरत होते, आणि एक दिवस कोणीतरी मला राखेने घासून एका मोठ्या सभागृहातल्या टेबलावर नेऊन ठेवलं.

तिथे एक समिती बसत होती. ठरवायचं होतं ते असं. सरकारच्याच माणसांनी एखाद्याला माणसासारखं वागवलं नाही, तर त्याची तक्रार ऐकायला देशात एक स्वतंत्र आयोग असावा की नसावा? जाड चष्म्याचे एक वकील म्हणायचे, कशाला? न्यायालयं आहेत, पोलिसांवर वरिष्ठ आहेत. आणखी एक पाटी, आणखी एक गाडी, दात नसलेला आणखी एक वाघ. बाकीचे म्हणायचे, ज्याच्याविरुद्ध तक्रार त्यानेच तपास करायचा, म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. मला आळीपाळीने दोघांचंही पटायचं.

लोकांनाही बोलावलं होतं. नियम मात्र एक होता. आयोग हवा की नको, एवढंच बोलायचं. स्वतःचं गाऱ्हाणं सांगायचं नाही. कोणी तिकडे वळला की अध्यक्षबाई मला दाबत.

एका खाणकामगाराने काही न बोलता सदऱ्याची बाही वर केली. तिथे कातडीवर

टिंग.

एका शिक्षिकेने सांगितलं की तिच्या वर्गातल्या मुलीला चौकीत नेलं आणि दार लावून

टिंग.

मित्रांनो, मी हादरले. आवाज तोच होता. पूर्वी तो ऐकून कोणीतरी धावत यायचं. आता तो ऐकून माणसं मान खाली घालून निघून जात होती.

आणि मग मावशी आली. केस पांढरे झालेले, चप्पल तीच. सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला, माइकपाशी ती उभी राहिली.

"आयोग म्हणजे काय ते मला नीट कळत नाही," ती म्हणाली. "माझा मुलगा छापखान्यात कामाला होता. जेवणाच्या सुट्टीत गणवेशातली माणसं त्याला घेऊन गेली. त्याचा डबा सोबत्यांनी घरी आणून दिला. चौकीत विचारलं, तर म्हणाले असा कोणी आणलाच नाही. मी डबा उघडला, तर अर्धं जेवण तसंच आणि"

टिंग.

ती थांबली. आणि चालू लागली. टेबलाच्या दिशेने.

"आले हो, आले."

फटफट, फटफट. सगळं सभागृह बघत राहिलं. ती टेबलापाशी आली, जरा वाकली आणि अध्यक्षबाईंना म्हणाली, "काय होतंय तुम्हाला?"

कोणी हसलं नाही. अध्यक्षबाईंचा हात माझ्या डोक्यावरच होता. 

"बाई, घंटी थांबण्यासाठी होती," त्या हळूच म्हणाल्या.

मावशीने माझ्याकडे पाहिलं. कुठल्याशा जुन्या ओळखीच्या माणसाकडे पाहावं तसं. "घंटी वाजली की यायचं असतं," ती म्हणाली. "मी जन्मभर आले. आता मी दारोदार वाजवतेय, तर कोणी येत नाही. गाऱ्हाणं ऐकणारी जागा हवी की नको, हे ठरवायलाच बसलात ना? मग गाऱ्हाणंच ऐकलं नाहीत, तर ठरवणार कशावरून?"

वकिलांनी विचारलं, वरिष्ठांकडे गेलात का, न्यायालयात गेलात का.

"गेले की. वरच्या साहेबांनी चौकीलाच विचारलं. चौकीने सांगितलं, आणला नाही. न्यायालयात म्हणाले, कुठे ठेवलाय ते सांगा, आणायला लावतो. तेच तर मी विचारतेय, साहेब."

वकिलांनी चष्मा काढला आणि पुष्कळ वेळ पुसत बसले. अध्यक्षबाईंनी मला टेबलाच्या कडेला सरकवलं. त्या दिवशी मी पुन्हा वाजले नाही. शेवटी हात वर करायची वेळ आली, तेव्हा वकिलांचा हात सगळ्यात उशिरा वर गेला. पण गेला.

आयोग झाला, मित्रांनो. दारावर पाटी लागली. खोलीत नवं टेबल आलं, नवी खुर्ची आली, टेबलावर मला ठेवलं, लखलखीत घासून. खुर्चीवरचं प्लॅस्टिक मात्र अजून निघालेलं नाही. तिच्यावर कोणाला बसवायचं, ते ठरायचं आहे.

पाटी लागल्याचं कळताच मावशी आली. तिने मला दाबलं. वाट पाहिली. पुन्हा दाबलं. खोलीत पंख्याखेरीज कसलाही आवाज नव्हता. तिसऱ्यांदा दाबलं, आणि तिच्याच तोंडून निघून गेलं, "आले हो, आले."

दारावरचा शिपाई हसला. मग त्याला काय झालं कोण जाणे, तो बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मावशी स्वतःच्या तोंडावर हात ठेवून रिकाम्या खुर्चीकडे बघत होती.

ती अजून येते. माझी तक्रार नाही, मला रोज पुसतात. पण मित्रांनो, मला चकाकी नको आहे. तुमच्यातलं कोणी मोठं होऊन या खुर्चीत बसलं, तर एवढंच करा. मी वाजले की उठा, दारापाशी जा आणि समोरच्याला विचारा, काय होतंय तुम्हाला. त्याचं सांगून होईपर्यंत मला हात लावू नका. आणि मुलगा सापडेपर्यंत

थांबा. जिन्यात चपला वाजताहेत. फटफट, फटफट. ती आली. खुर्ची आजही

टिंग.