दिवसातून आठ वेळा

छातीत जुना दमा, त्यामुळे साथ सुरू झाल्याबरोबर प्रसूती विभागातून उचलून मला घरी बसवलं. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांना 'लाव जोर, लाव जोर' म्हणणाऱ्या बाईला म्हणाले, आता जिनासुद्धा चढू नका. घरात मी एकटी. भिंतींना तरी किती सूचना देणार?

मग मोठ्या सिस्टरांचा फोन आला. "बाळंतिणींना दुसऱ्याच दिवशी घरी पाठवतोय. तपासायला कुणी जाऊ शकत नाही. तुम्ही स्क्रीनवरून लक्ष ठेवा."

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"पहिलं बाळंतपण केलंत तेव्हा काय कळत होतं?"

टॅबलेट घरपोच आला. पहिला आठवडाभर बायकांना माझं छतच दिसत होतं. एकीनं तर अगदी आदरानं कळवलं, सिस्टर, पंख्यावर फार धूळ आहे.

हळूहळू जमलं. रोज सकाळी दहाला स्क्रीनवर आठ-नऊ चौकोन उघडायचे. नावं लक्षात राहीनात, म्हणून मी चौकोनांनाच नावं ठेवली. एक 'ड्रिल', कारण तिचा शेजारी नेमका दहाला भिंत फोडायला घ्यायचा. एक 'विद्यार्थी'. हा बाप बायकोपेक्षा आधी हजर, हातात वही. आणि एक 'पिवळा पडदा'. तिच्यामागे खिडकीला गडद पिवळा पडदा असायचा, सगळी खोली हळदीत बुडवल्यासारखी. नवरा जहाजावर, कुठल्याशा बंदरात अडकलेला; उतरायची परवानगी नव्हती. आईच्या गावाहून येणारी गाडी बंद, सासूचं गुडघ्याचं ऑपरेशन. तीन दिवसांच्या मुलाला घेऊन ती चौथ्या मजल्यावर एकटीच होती. वर्गात कधी काही विचारायची नाही.

रोज संध्याकाळी सगळ्यांनी एक तक्ता भरायचा. तो मीच केला होता, आणि त्याचा मला कोण अभिमान! किती वेळा पाजलं? बाळ किती झोपलं? आई जेवली का? पिवळ्या पडद्याचा तक्ता अगदी नमुनेदार: आठ वेळा, भरपूर झोपलं, जेवले. रोज तेच. बाळ पाच दिवसांचं झालं तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हटलंसुद्धा, "बघा गं, असं गुणी बाळ हवं. पाजलं की झोपलं." ती लाजून हसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी विद्यार्थ्यानं हात वर केला. "सिस्टर, आमचं बाळ दिवसाला दहा लंगोट ओले करतंय. वाळत घालायला दोरी पुरत नाही. काही बिघाड आहे का?"

"बिघाड नाही हो, नळ चालू आहे. दोरी वाढवा."

सगळे हसले. ड्रिल म्हणाली, "आमच्याकडे तर कारंजंच आहे. कालच याच्या बाबांच्या चष्म्यावर!"

पिवळा पडदा पहिल्यांदाच आपणहून बोलली. "मी सुटले बाई. आमच्याकडे कालपासून एकच ओला झालाय."

बाकीचे अजून हसतच होते. मी मात्र हसायची थांबले.

'लंगोट किती ओले झाले?' हा प्रश्न विभागात मी सत्तावीस वर्षांत एकाही बाईला विचारला नव्हता. विचारायची वेळच यायची नाही. पाळण्याजवळून जाताना हात आपोआप दुपट्याखाली जायचा. ओलं आहे की कोरडं, भारी आहे की हलकं, ते हाताला कळायचं. कोरडं म्हणजे पोटात दूध जात नाहीये. तक्ता करायला बसले तेव्हा मी डोक्याला विचारून प्रश्न लिहिले. हाताला विचारायचं राहूनच गेलं.

"आजचा वर्ग संपला," मी म्हटलं. "पिवळा... अगं, तू थांब. खिडकीजवळची तू."

बाकीचे चौकोन विझले.

"बाळाला घे. पडदा पूर्ण सरकव. घरात कोरा पांढरा कागद आहे?"

"कागद कशाला?"

"आण तर."

उजेड आला. तिनं कागद बाळाच्या गालाशी धरला. कागद पांढराच दिसत होता. गाल पिवळा.

"कपाळावर बोट दाब आणि सोड. खाली काय रंग दिसतो?"

"पिवळाच." तिचा आवाज बारीक झाला. "मला वाटलं, पडद्यामुळे."

मलाही तेच वाटलं होतं. "अंगावर घेतेस तेव्हा ओढतो का? गिळल्याचा आवाज येतो?"

"तोंडात घेतो आणि झोपतो. मी अर्धा अर्धा तास धरून बसते. आठ वेळा. तुम्ही विचारलं होतंत ना, किती वेळा."

"तळव्याला टिचकी मार."

तिनं मारली. बाळानं तोंड जरासं हलवलं आणि पुन्हा झोपलं.

"आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जायचंय. गाडी मी पाठवते."

"नाही सिस्टर. तिथे साथीचे पेशंट आहेत. मला लागण झाली तर याला कोण बघणार? इथे तिसरं माणूस नाही."

"प्रसूती विभागाचं दार वेगळं आहे. मी तिथलीच आहे, माझ्यावर विश्वास ठेव."

तिनं कॅमेऱ्यात सरळ बघितलं. "तुम्हीच गुणी म्हणाला होतात. म्हणून मी उठवला नाही त्याला."

मला कारणं बरीच सुचली. खोकून मी ती गिळली. "चुकलं माझं. मी बघायला हवं होतं, ते बघितलं नाही. आता बघतेय, म्हणून सांगते. ऊठ बाई."

कपाट उघडल्याचा आवाज आला. पिशवीत काय काय भरायचं ते मी सांगत गेले. दुसऱ्या फोनवरून विभागाला कळवलं. बेल वाजली, तिनं फोन खिशात टाकला. मग नुसता अंधार आणि जिना उतरणारी पावलं. चार मजले मी तिच्या खिशात बसून उतरले. खाली गाडीचं दार लागलं आणि फोन तुटला.

दुपारपर्यंत मी विभागात तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "कावीळ बरीच चढली होती. दिव्याखाली ठेवलंय. चमच्यानं दूध घेतंय. अजून एक दिवस गेला असता तर मी तुमच्याशी अशी बोलले नसते. आता ठेवा फोन, आम्हाला कामं आहेत."

कामं होती, त्यांना. मी टॅबलेट पुसला. तक्त्यात 'किती लंगोट ओले झाले?' हा प्रश्न सगळ्यात वर घातला. वर्ग रोज दहाला भरत होता. तिचा चौकोन नव्हता, आणि तिची चौकशी करायची माझी छाती होत नव्हती. मी तिच्या जागी असते तर माझ्यासारखीचं तोंड पुन्हा बघितलं नसतं.

पाचव्या दिवशी चार वाजता टॅबलेट वाजला. ही काही वर्गाची वेळ नव्हती.

ती घरी आली होती. खिडकीला पडदाच नव्हता. फोन उशीला टेकवलेला, बाळ छातीशी, त्याचा एक कान तेवढा दिसत होता.

"रागावलेय मी तुमच्यावर," ती म्हणाली.

"बरोबर आहे."

"आज बोलू नका काही. नुसतं ऐका. गिळतोय ना?"

मी आवाज मोठा केला, कान स्क्रीनला लावला. आधी काहीच नाही. मग बारीकसा गट् आवाज. जरा थांबून परत गट्. गट्.

"गिळतोय," मी म्हटलं.

तिनं डोळे मिटले. फोन काही बंद केला नाही. कोपऱ्यात बॅटरी चार टक्के दाखवत होती. चार्जरची वायर होती पलीकडच्या खोलीत. खुर्चीचा आवाज होईल म्हणून मी उठले नाही.